जर्मनचा गंज

लग्नाच्या मांडवात शिरलं की माणसं आधी नवरदेव पाहतात, नवरी पाहतात, नाहीतर पंगतीत काय वाढलंय ते पाहतात. आमच्या बाई आधी वरातीच्या गाड्या कुठे उभ्या आहेत ते पाहायच्या. मग पदर खोचून ड्रायव्हरपाशी जायच्या आणि विचारायच्या, "भाऊ, पानी कोनतं टाकता?"

ड्रायव्हरला वाटायचं, बाईंना तहान लागली असावी. तो बिचारा आपली बाटली पुढे करायचा.

"प्याचं नाई हो. रेडिएटरमधी कोनतं टाकता?"

इंजिन थंड असेल तर झाकण उघडायला लावून त्या दोन घोट पाणी काढून घ्यायच्या. त्यासाठी एक रिकामी शिशी त्यांच्या पर्समध्ये कायम असे. इंजिन गरम असेल तर मात्र हात लावू द्यायच्या नाहीत. "गरम इंजनाचं झाकन अन् रागावलेल्या मानसाचं तोंड, दोनी लगेच खोलाचे नाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा आमच्या मुख्याध्यापकांच्या पुतणीच्या लग्नात नवरदेवाच्या गाडीचं पाणी तांबडंलाल निघालं. बाईंनी वधूमायेला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरगा चांगला हाय, पन त्याच्या मामाच्या गाडीत पोरीले बसवू नका." वधूमाय बिचारी रडवेली होऊन बसली. तिला वाटलं, मामात काही खोट आहे.

आमची शाळा सावली तालुक्यातली, धानपट्ट्यातली. बाई तिथे विज्ञान शिकवायच्या आणि मी मराठी. मी वरोऱ्याचा, कापूस-सोयाबीनच्या गावचा. धान म्हणजे ताटात दिसतो तेवढाच मला ठाऊक. तेव्हा मी कंत्राटावर होतो, नवा होतो, आणि नव्या मास्तरात जेवढी अक्कड असायला हवी त्याहून थोडी जास्तच माझ्यात होती.

पहिल्या दिवशी मी बाईंच्या प्रयोगशाळेत डोकावलो तर खिडकीत शिश्याच शिश्या. प्रत्येकीत पाणी, आणि पाण्यात दोऱ्याला टांगलेली एकेक धातूची पट्टी. वर चिठ्ठ्या : 'सावली, हातपंप', 'नदीकाठची विहीर', 'कोरपना, व्याह्यांचा बोअर', 'वरातीची जीप, मामाची'. काही पट्ट्या लखलखीत होत्या, काहींवर पांढरा भुगा बसला होता, आणि काहींना सुईने टोचावं तशी बारीक भोकं पडली होती. मुलं या सगळ्याला 'बाईंचं लोणचं' म्हणत.

"या पट्ट्या कशाच्या, बाई?" मी विचारलं.

"गंजाच्या."

"म्हणजे गंजलेल्या?"

"नाई. गंजाच्या. पन गंजल्या बी हाय."

इकडच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आमच्या भागात भात शिजवायचं मोठं पातेलं म्हणजे गंज, आणि ॲल्युमिनियम म्हणजे जर्मन. आता घराघरांत ते धातूचं नावच होऊन बसलंय. तेव्हा जर्मनचा गंज म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं. पण त्या पट्ट्या बाईंच्या हाती कशा आल्या, ती कथा ऐकण्यासारखी आहे.

मी यायच्या आधी शाळेत पुण्याकडचे एक साहेब तपासणीला आले होते. खिचडीच्या साहित्याच्या रजिस्टरात त्यांनी वाचलं : 'जर्मनचे गंज, चार.' साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि लाल शाईने शेरा मारला, 'शाळेत आढळलेला गंज तातडीने काढून टाकावा व तसे कळवावे.' आमचे मुख्याध्यापक सरकारी शेऱ्यापुढे देवाचंही न ऐकणारे. त्यांनी त्याच दिवशी चारही गंज खोलीत कुलूपबंद केले आणि कळवून टाकलं, 'गंज काढला आहे.' दोन दिवस खिचडीवाली मावशी बादलीत तांदूळ शिजवत साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. शेवटी स्टीलची भांडी आली आणि ते चार गंज बेवारस झाले. बाईंनी एक घरी नेला आणि उरलेल्या तिन्ही गंजांच्या कात्रीने पट्ट्या केल्या.

बाईंचं जर्मनवर प्रेम होतं. प्रेमच म्हणतो, दुसरा शब्द नाही. वर्गात लोखंडाचा धडा त्या अर्ध्या तासात उरकायच्या आणि जर्मनपाशी आल्या की घंटा झाली तरी थांबायच्या नाहीत. "लोखंड रडते तं साऱ्या गावाले दिसते, लाल लाल होऊन. जर्मन रडत नाई पोट्टे हो. ते चुपचाप आतल्या आत झिजते. म्हनून त्याच्याकडं जास्त ध्यान द्या लागते."

एकदा मी चेष्टेने म्हणालो, "बाई, पितळ, तांबं, चांदी सोडून या गरिबाच्या भांड्यावर एवढी माया का?"

त्या हातातली पट्टी पुसत होत्या. पुसणं न थांबवता म्हणाल्या, "माह्या मायच्या घरी पितळ नव्हतं, सर. जर्मन होतं. गावातले लोक म्हनत, यांच्या घरी काय, जर्मनच्या थाळ्या. मले भल्ला राग येये. मंग कॉलेजात शिकली, की पितळेले कल्हई करा लागते अन् चांदीले घासा लागते. जर्मनले कोनाची गरज नाई. हवा लागली का ते आपल्या अंगावर आपनच पातळ कापड विनून घेते. डोळ्याले दिसत नाई इतकं पातळ. तेच त्याचं कवच. मी त्या दिवशी घरी येऊन मायले म्हटलं, माय, आपली थाळी हुशार हाय." हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही उजळला, की माझी चेष्टा माझ्याच घशात राहिली.

आता या हुशार धातूचा आणि रेडिएटरचा संबंध काय, तर आजकालच्या गाड्यांचं इंजिनाचं डोकं आणि रेडिएटर बहुतेक जर्मनचंच असतं. त्यातून गरम पाणी सारखं फिरत राहतं. त्या पाण्यात खार असला, आंबटपणा आला, की ते पातळ कापड फाटतं आणि धातू उघडा पडतो. म्हणून कूलंट. आमच्या गावात कूलंट म्हणजे थंड करणारं रंगीत पाणी, एवढंच लोकांना माहीत. बाईंना त्याचा संताप यायचा.

"थंड तं साधं पानी बी करते. कूलंटमधी औषध असते ते महत्त्वाचं!" असं म्हणून त्या खडू उचलायच्या. "एका तऱ्हेचं औषध सारवनासारखं. सगळ्या भिंतीवर एक हात फिरवून टाकते, पांढरं, घट्ट. दुसऱ्या तऱ्हेचं सारवत नाई. ते बांधीवर फिरनाऱ्या मानसासारखं. आपला शेतकरी काय करते? धानाच्या शेतात बांधीच्या पाळीवरून फिरते, अन् जिथी खेकड्यानं भोक पाडलं तिथीच चिखलाचा गोळा दाबते. हे औषध बी जिथी कापड फाटलं तिथीच जाऊन चिकटते. म्हनून जास्त दिवस पुरते. पन कायमचं नाई पुरत! शेतकऱ्याच्या हातातला चिखल बी सरते ना? कूलंट जुना झाला का आंबते. अन् आंबट जर्मनले चालत नाई. काऊन नाई चालत?"

"अंबाडीच्या भाजीनं गंज काळा पडते, बाई!" पूर्ण वर्ग ओरडायचा.

हे सगळं मला पाठ व्हायचं कारण म्हणजे आमच्या दोन वर्गांमध्ये फक्त लाकडी पाटीशन होतं. मी वह्या तपासत बसलो की पलीकडून बाई ऐकू यायच्या, आणि माझी मुलं माझ्यापेक्षा बाईंकडेच कान देऊन बसायची. बाई दोन कंपन्यांचे कूलंट कधी मिसळू द्यायच्या नाहीत. "लगन लावताना जात पाहाची नाई, पन कूलंट मिसळताना आधी डब्यावरचं वाचाचं. रंगावर जाचं नाई." कूलंटचा डबा त्या कपाटात कुलपात ठेवत, कारण तो चवीला गोडसर असतो आणि पोटात गेला तर जीवघेणा. "गोड हाय म्हनून जवळ कराचं नाई," त्या मुलींना सांगायच्या, "हे कूलंटले लागू हाय अन् काही मानसाइले बी."

माझं आणि बाईंचं एका गोष्टीवर मात्र कायम वाजायचं. मी शुद्धलेखनाला कडक. काना, मात्रा, वेलांटी, काहीही गळालं की अर्धा गुण कापायचो. मुली रडत बाईंकडे जायच्या आणि बाई माझ्याकडे यायच्या.

"सर, एका कान्यानं काय आभाळ कोसळते? पोरीले समजलं ना, काय लिहाचं ते?"

"बाई, काना गळाला की अर्थ बदलतो. तुमच्या शास्त्रात थेंबाला किंमत आहे, तशी आमच्यात कान्याला."

"तुमी ना, सर, लय कोरडे हाय," म्हणून त्या निघून जायच्या. मी अर्धा गुण कधी परत दिला नाही.

आता व्हॅनची गोष्ट. नाल्यापलीकडे जंगलात पाच टोल्या, म्हणजे छोट्या वस्त्या, आहेत. तिथल्या अकरा मुली आमच्या शाळेत यायच्या. आधी सायकलने यायच्या. मग त्या रस्त्यावर वाघ दिसायला लागला, एकदा नाही, चारदा, आणि सायकली घरी बसल्या. त्यांच्यामागोमाग मुलीही बसल्या. तेव्हा कुण्या भल्या माणसाने शाळेला एक जुनी व्हॅन दिली आणि त्या अकरा जणी परत वर्गात आल्या. व्हॅन आहे तर शाळा आहे, असा सरळ हिशोब होता. आयांनी तसं स्पष्ट सांगितलंच होतं.

व्हॅनचे ड्रायव्हरभाऊ लेकीच्या बाळंतपणासाठी गडचिरोलीला गेले आणि पंधरा दिवसांसाठी व्हॅन माझ्याकडे आली, कारण शाळेत गाडी चालवता येणारा मी एकटाच. तिसऱ्या दिवशी इंजिनाच्या गरमीचा काटा वर चढायला लागला. कुठून तरी पाणी झिरपत होतं. मी चंद्रपूरच्या मिस्त्रीला फोन लावला. जंगलाच्या कडेला फोनची जी तऱ्हा असते ती होतीच. अर्धं ऐकू येई, अर्धं वाऱ्यावर जाई.

"सरजी, घबराओ मत. पाइप ढीला होगा. मैं आऊँगा. तब तक मीठा पानी डालते रहो."

"काय टाकू? मीठ? मीठ पानी?"

"हाँ हाँ, मीठा पानी. सिर्फ मीठा. खाली मत रखना."

हिंदी मला येत नाही असं नाही. वरोऱ्याच्या बाजारात वाढलेल्या माणसाला हिंदी न येऊन चालेल कसं? पण त्याच आठवड्यात मी पाटीशनपलीकडून बाईंचा धडा ऐकला होता : "पान्यात मीठ टाकलं का ते जरासं उशिरा उकळते." तेवढ्यात माझ्या वर्गात दोघांची जुंपली आणि मी उठून गेलो. पुढचं ऐकायचं राहिलं. आता मिस्त्री मीठ म्हणतोय आणि विज्ञानही मीठ म्हणतंय, मग शंका घ्यायला जागाच कुठे उरली? उलट मिस्त्रीला एवढं शास्त्र ठाऊक आहे म्हणून मला त्याचं कौतुकच वाटलं. मी खिचडीवाल्या मावशीकडून रोज मूठभर मीठ घ्यायचो, बाटलीत ढवळायचो आणि मोठ्या विश्वासाने रेडिएटरमध्ये ओतायचो. बारा दिवस ओतलं.

तेराव्या दिवशी व्हॅन नाल्याच्या अलीकडे वाफ सोडत उभी राहिली ती हललीच नाही. नशीब की मुली उतरून गेल्या होत्या. ट्रॅक्टरने ओढून शाळेत आणली, खालचा नळ खोलला, तर पाण्याच्या जागी पांढुरका गाळ बाहेर आला. बाई तिथेच उकिडव्या बसल्या. त्यांनी शिशीत थोडं पाणी घेतलं आणि प्रयोगशाळेत जाऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब सोडले. गावच्या कुठल्याही बोअरच्या पाण्यात जरासं धुकट येतं. इथे दह्यासारखं घट्ट पांढरं झालं.

"हे बोअरचं पानी नाई," बाई हळूच म्हणाल्या. "यात मीठ हाय."

मी मागे उभा होतो. त्या क्षणी माझ्या डोक्यात सगळं लख्ख झालं : मीठ, मीठा म्हणजे गोडं, आणि मधला तो हरवलेला काना.

दुसऱ्याच दिवशी शाळा समितीची बैठक बसली. अध्यक्षभाऊ वाईट माणूस नव्हते. मिलचे मालक, कामाचा व्याप मोठा, आणि व्हॅनच्या कटकटीने कंटाळलेले. ते म्हणाले, "विकून टाकू. भंगारवाला तयार हाय. रोजचं झंझट खतम."

"अन् पोरी?" बाईंनी विचारलं.

"पोरीइचं पाहू."

'पाहू' म्हणजे काय ते आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. मला त्या अकरा जणींचे चेहरे दिसायला लागले. एकीला नुकतंच मी वक्तृत्व स्पर्धेसाठी भाषण लिहून दिलं होतं. आता उठावं आणि सांगून टाकावं, असं दहादा मनात आलं. पण कंत्राटावरची नोकरी आणि त्याहून मोठी माझी अक्कड, दोघींनी मिळून मला खुर्चीत दाबून धरलं. सांगायला लाज वाटते, मी छताच्या पंख्याकडे पाहत बसलो.

तेवढ्यात बाई उभ्या राहिल्या. "भाऊ, गाडीचा काही दोष नाई. पान्यात मीठ गेलं. अन् ती चूक माही हाय."

"तुमी टाकलं, बाई?"

"मी वर्गात सांगतलं होतं, मीठ टाकलं का पानी उशिरा उकळते. अर्धीच गोष्ट लोकाच्या कानावर गेली. ज्यानं टाकलं त्यानं गाडीच्या भल्यासाठी टाकलं. मास्तरनीचा धडा अर्धा राह्यला तं दोष मास्तरनीचाच. मले आठ दिवस द्या. नाई सुधरली तं खुशाल विका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांना काही ठाऊक आहे की नाही, हेही मला कळेना. अध्यक्षांनी आठ दिवस दिले.

ते आठ दिवस आमच्या शाळेत जी जत्रा भरली ती मी जन्मात विसरणार नाही. अकरा मुलींना येण्याजाण्याची सोय नव्हती, म्हणून बाईंनी त्या सगळ्यांना आपल्या घरीच आणून ठेवलं. त्यांचं घर दोन खोल्यांचं. अंगणात ताडपत्री बांधली, आणि साहेबांच्या शेऱ्यातून वाचलेला तो चौथा गंज चुलीवर चढला. सकाळी भात, संध्याकाळी भात, आणि पौर्णिमा त्यातच आली म्हणून खीर. अर्धी आळी जेवून जाई.

मिस्त्री चंद्रपूरहून आला. त्याने इंजिनाचं डोकं खोललं. भोकं पडली होती, पण बारीक. "बाईजी, और एक हफ्ता चलती तो गई थी," तो म्हणाला. गॅस्केट बदललं, पाइप बदलला, आणि एका भंगार झालेल्या गाडीचा धड असलेला रेडिएटर त्यानेच कुठून तरी आणून बसवला. मी त्याच्यापासून तोंड लपवत फिरत होतो. न जाणो, त्याने फोनची आठवण काढली तर!

धुण्याला गावातल्या फिल्टरचं पाणी चाललं. शेवटचं धुणं आणि भरणं मात्र डिस्टिल्ड पाण्याचंच, असा बाईंचा हट्ट. ड्रायव्हरभाऊ परत आले होते. ते म्हणाले, "बाई, बाजारात तयार मिळते."

"मालूम हाय. पन पोरीइची गाडी हाय, पोरीच पानी करतीन."

प्रयोगशाळेतलं काचेचं ऊर्ध्वपातनाचं यंत्र कपाटातून बाहेर निघालं. एक मुलगी आच सांभाळते आहे, दुसरी थंड पाणी बदलते आहे, आणि नळीतून टप टप थेंब पडताहेत. 'थेंबे थेंबे तळे साचे' यावर मी कितीतरी निबंध लिहून घेतले असतील. तळं साचताना पहिल्यांदाच पाहिलं. माझ्या वर्गाचीही पाळी लागली होती आणि मी स्वतः दोन तास आच धरून बसलो होतो. तेवढाच प्रायश्चित्ताचा भाग, असं मनाला समजावत होतो.

आठव्या दिवशी बाईंनी घासून पुसून त्याच चौथ्या गंजात, 'आता यात भात शिजाचा नाई' असं बजावत, कूलंट आणि ते पाणी निम्मं निम्मं मिसळलं, आणि एकेक मग भरून सगळ्या मुलींच्या हातून रेडिएटरमध्ये ओतवलं. मग हात पसरून सगळ्यांना मागे सारलं आणि इंजिन सुरू केलं.

मुलींना घरी सोडायला व्हॅन निघाली. पुढे ड्रायव्हरभाऊ आणि बाई, मागे मुली आणि मी, त्यामागे मोटारसायकलवर अध्यक्षभाऊ. बाईंच्या मांडीवर उरलेल्या कूलंटचा गंज, वर घट्ट झाकण. सगळ्यांचे डोळे काट्यावर. चढ आला, काटा मधोमध. नाला ओलांडला, काटा मधोमध. सागाचं जंगल संपून पहिली टोली दिसली तरी काटा आपला मधोमधच. तेव्हा एकीने मागून गाणं धरलं, आणि मग जे सुरू झालं ते बघून माकडंही झाडावरून खाली येऊन रस्त्याच्या कडेला बसली. अध्यक्षभाऊंनी मोटारसायकल बाजूला घेऊन हात हलवला आणि हसत परत फिरले. ते हसू पाहून माझ्या छातीवरचा निम्मा धोंडा उतरला.

शेवटच्या टोलीत शेवटची मुलगी उतरली. दोन पावलं गेली आणि परत आली. "बाई, गाडी अजून एकडाव बिघडन का? मंग आमी तुमच्या घरी येऊ."

"पळ इथून!" बाई म्हणाल्या.

ड्रायव्हरभाऊ हातपंपावर पाणी प्यायला गेले. व्हॅनजवळ आम्ही दोघंच. उरलेला निम्मा धोंडा आता मला पेलवेना.

"बाई, मीठ मी टाकलं."

"मले मालूम हाय."

"तुम्हाला... कधीपासून?"

"गाळ निघाला त्याच दिवसापासून. मावशी आली अन् म्हने, बाई, सरांची गाडी मीठ खाते का? रोज मूठभर नेतात. मी तिले म्हटलं, कोनाले सांगू नको." त्या झाकणावर बोटं वाजवत होत्या. "पन सर, मले एक समजलं नाई. तुमी शिकलेले मानूस. पाटीशनमागून माहा अर्धा धडा आयकला, ते ठीक. पन तेवढ्यावर मीठ टाकलं?"

मग मी फोनचं सांगितलं. मिस्त्री काय म्हणाला आणि मी काय ऐकलं, शब्दन् शब्द. मीठा आणि मीठ.

बाईंचे खांदे हलायला लागले. आधी तोंडावर पदर, मग पदरही सुटला, आणि त्या जंगलात बाई इतक्या मोठ्याने हसल्या की ड्रायव्हरभाऊ हातपंप सोडून धावत आले. त्यांना वाटलं, वाघ दिसला. डोळ्यांतलं पाणी पुसत बाई फक्त एवढंच म्हणू शकत होत्या, "काना! सर, काना!" मग मलाही हसू आवरेना. बारा दिवसांचं मीठ आणि आठ दिवसांची लाज त्या हसण्यात धुऊन गेली. परतीच्या वाटेवर बाई मधेच गप्प व्हायच्या आणि एकदम पुन्हा फुटायच्या.

सोमवारी मी स्वतःहून मुख्याध्यापकांना आणि अध्यक्षभाऊंना सगळं सांगितलं. कंत्राट गेलं नाही. फक्त अध्यक्षभाऊ पुढची दोन वर्षं माझ्यासमोर चहा आला की "सर, मीठा चालन ना?" असं विचारत राहिले.

यथावकाश मला कोरपन्याला कायमची नोकरी लागली. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी शाल-श्रीफळ दिलं. बाईंनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक शिशी दिली. त्यात होती बाईंनी तेव्हा व्हॅनच्या त्या खाऱ्या पाण्यात टांगून ठेवलेली पट्टी. बाईंनी ती धुऊन, खारं पाणी फेकून, स्वच्छ कूलंटमध्ये ठेवली होती. ती आजही माझ्या टेबलाच्या वरच्या फळीवर, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवलेली आहे. भोकं आहेत तेवढीच आहेत. एवढ्या वर्षांत एकही वाढलेलं नाही.

शिशीवर बाईंच्या अक्षरात चिठ्ठी आहे : 'शाळेची व्हॅन. मराठीचे सर. काना गळाला. अर्धा मार्क कापला.'

बाई आता निवृत्त झाल्यात. त्या अकरांपैकी एक जण सध्या त्याच शाळेत विज्ञान शिकवते आणि खिडकीतलं लोणचं तिने वाढवत नेलंय. महिन्या-दोन महिन्यांनी बाईंचा फोन येतो. तब्येत, बायकामुलं, पाऊसपाणी हे सगळं नंतर. पहिला प्रश्न ठरलेला असतो.

"सर, पानी कोनतं टाकता?"

आणि मी सांगतो, "मीठा, बाई." काना चांगला लांबवून सांगतो.